गुलामगिरी आणि तिच्यानंतरच्या काळावरच्या कादंबऱ्या : वाचकांचे वारंवार येणारे प्रश्न

आमच्या वाचनगटात अमेरिकेतल्या गुलामगिरीवरच्या कादंबऱ्या वाचायला घेतल्यापासून एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत येत राहिला : "यातलं खरं किती?" त्याच्या मागोमाग आणखी बरेच आले. काही इथल्या वाचकांचे, काही अमेरिकेत राहणाऱ्या मराठी आईवडिलांचे, ज्यांच्या मुलांना शाळेत ही पुस्तकं वाचायला लागतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे क्रमांक दिला आहे. काही उत्तरांत कथानक उघड होतं, विशेषतः प्रश्न १ आणि ४ मध्ये.

१. या विषयावरचं मी काहीच वाचलेलं नाही. पहिलं पुस्तक कोणतं घेऊ?

ऑक्टेव्हिया बटलर यांची 'किंड्रेड' (१९७९). १९७६ साली कॅलिफोर्नियात राहणारी डेना ही कृष्णवर्णीय तरुणी अचानक ओढली जाते ती एकोणिसाव्या शतकातल्या मेरीलँडमध्ये, एका मळ्यावर. मालकाच्या मुलाचा जीव धोक्यात आला की दर वेळी तिला तिथे जावं लागतं, कारण हाच मुलगा पुढे तिचा पूर्वज होणार आहे. त्याला वाचवलं नाही तर तिचा स्वतःचा वंशच उरत नाही. भाषा सरळ आहे, पुस्तक आटोपशीर आहे आणि आजच्या माणसाला पडणारे सगळे प्रश्न डेनालाच पडतात. "मी असते तर पळून गेले असते" असं आपण सहज म्हणतो. ते म्हणणं किती पोकळ आहे हे ही कादंबरी पन्नासेक पानांतच दाखवते.

टोनी मॉरिसन यांची 'बिलव्हेड' पहिली घेऊ नका. ती या सगळ्यांत थोर आहे असं माझं मत आहे, पण तिच्यात काळ मागेपुढे सरकत राहतो आणि तयारी नसलेला वाचक पहिल्याच प्रकरणात हरवतो.

२. गुलाम म्हणजे आपल्याकडचा वेठबिगारच ना? फरक काय?

वेठबिगाराला राबवून घेतलं जातं, सालगडी कर्जात अडकलेला असतो, आणि दोघांचे हाल खरेच आहेत. पण तो स्वतः कुणाच्या मालमत्तेच्या यादीत बैल आणि नांगराशेजारी लिहिलेला नसतो. अमेरिकेत माणूस कायद्यानंच मालमत्ता होता. त्याला विकता येई, गहाण टाकता येई, मृत्युपत्रात मुलांना वाटून देता येई. त्याच्या लग्नाला कायद्यात अर्थ नव्हता.

कादंबऱ्या समजायला एक कलम मात्र पक्कं लक्षात ठेवा. १६६२ साली व्हर्जिनियात कायदा झाला की मुलाचा दर्जा आईवरून ठरेल. म्हणजे मालकानं गुलाम बाईवर जबरदस्ती केली आणि मूल झालं, तर ते मूलही गुलामच आणि मालकाच्याच खात्यात जमा. अटलांटिक ओलांडून साधारण सव्वा कोटी आफ्रिकी माणसं जहाजांत कोंडली गेली आणि एक कोटी सात लाखांच्या आसपास जिवंत उतरली. त्यांतली थेट उत्तर अमेरिकेत आली ती चार लाखांहूनही कमी. एकट्या ब्राझीलमध्ये त्याच्या दसपटीहून अधिक. तरी १८६० च्या जनगणनेत अमेरिकेत साडेएकोणचाळीस लाखांवर गुलाम होते. ही वाढ बायकांच्या कुशीतून झाली होती. म्हणूनच या कादंबऱ्यांच्या केंद्रस्थानी वारंवार आई येते.

३. गुलामीतून सुटलेल्यांची आत्मकथनं आहेत. मग कादंबरी कशाला वाचायची?

दलित आत्मकथनं वाचून मोठ्या झालेल्या मराठी वाचकाला हा प्रश्न पडणं साहजिक आहे. फ्रेडरिक डग्लस यांचं आत्मकथन १८४५ चं, हॅरिएट जेकब्स यांचं १८६१ चं. दोन्ही अवश्य वाचा. पण ती लिहिली गेली तेव्हा गुलामगिरी चालू होती आणि वाचक होते गुलामगिरी नसलेल्या उत्तरेकडच्या राज्यांतले गोरे सज्जन. त्यांची सहानुभूती गमावली तर लढाच कमकुवत होणार होता. त्यामुळे लैंगिक अत्याचाराची वेळ आली की लेखणी थांबते, नजर वळवते. मॉरिसन यांनी आपलं काम सांगितलं ते हेच : तो पडदा बाजूला करणं.

दुसरं असं की लिहू शकलेली माणसं मोजकी होती. बाकी लाखोंचं जे लिखित उरलं ते मालकाच्या हातचं : विक्रीच्या पावत्या, पळालेल्या गुलामांच्या जाहिराती, खतावण्या, कोर्टाचे कागद. त्यांत नाव असतं, वय असतं, पाठीवरच्या वळांची नोंद असते. ती बाई रात्री कुणाची आठवण काढायची ते नसतं. कादंबरी तिथे शिरते.

४. 'बिलव्हेड'मध्ये आई आपल्या मुलीला मारते. असं खरंच घडलं होतं का?

घडलं होतं. जानेवारी १८५६ मध्ये मार्गारेट गार्नर ही बाई नवरा, सासूसासरे आणि चार मुलांसह केंटकीतून निघाली आणि गोठलेली ओहायो नदी पायी ओलांडून सिनसिनाटीला पोचली. ओहायोत गुलामगिरी नव्हती. पण १८५० च्या पळपुट्या गुलामांच्या कायद्यामुळे मालकाला तिथे येऊनही पकडता येत होतं. घराला वेढा पडला तेव्हा मार्गारेटनं दोन वर्षांच्या मुलीचा सुरीनं जीव घेतला. बाकीच्यांनाही ती मारणार होती.

पुढे कोर्टात जो वाद झाला तो वाचताना मला अजूनही थांबावं लागतं. तिच्यावर खुनाचा खटला चालावा अशी मागणी गुलामगिरीच्या विरोधकांचीच होती. खुनाचा आरोप माणसावर होतो, म्हणजे खटला चालला असता तर ती माणूस ठरली असती. मालकाची बाजू म्हणत होती की ही आमची मालमत्ता, परत द्या. निकाल मालकाच्या बाजूनं गेला. तिला दक्षिणेत पाठवताना बोटीला अपघात झाला आणि तिची तान्ही मुलगी बुडाली. १८५८ मध्ये मिसिसिपीत विषमज्वरानं मार्गारेट वारली.

मॉरिसन प्रकाशनसंस्थेत संपादक असताना 'द ब्लॅक बुक' (१९७४) या संकलनाच्या कामात त्यांच्या हाती या घटनेचं जुनं वर्तमानपत्री कात्रण आलं. 'बिलव्हेड' १९८७ मध्ये निघाली. त्यातली सेथ मात्र मार्गारेट नाही. सेथला परत पाठवलं जात नाही; ती तुरुंगवास भोगून मुक्त राहते, आणि मारलेली मुलगी अठरा वर्षांनी तरुण बाई होऊन दारात येते. खऱ्या मार्गारेटला असं जगायला मिळालंच नाही. "त्यानंतर ती कशी जगली असती?" हा प्रश्न इतिहासाच्या कागदांत नाही. मॉरिसन यांनी तो स्वतःहून विचारला. घटना उचलली आणि त्यानंतरचं आयुष्य कल्पिलं. खरं आणि कल्पित यांची शिवण नेमकी इथे आहे.

५. 'अंडरग्राउंड रेलरोड' म्हणजे जमिनीखालची रेल्वे होती?

नाही. ते गुप्त जाळ्याचं टोपणनाव. पळालेल्यांना आसरा देणारी घरं म्हणजे 'स्टेशनं', वाट दाखवणारे 'कंडक्टर'. हॅरिएट टबमन १८४९ मध्ये स्वतः मेरीलँडमधून निसटली आणि नंतर तेराएक वेळा परत जाऊन सत्तरच्या आसपास माणसांना घेऊन आली.

गोंधळ होतो तो कोल्सन व्हाइटहेड यांच्या २०१६ च्या कादंबरीमुळे. तिच्यात खरोखर भुयारं, रूळ आणि इंजिनं आहेत. हे मुद्दाम केलेलं आहे. नायिका कोरा ज्या ज्या राज्यात उतरते तिथे वेगळ्याच काळातला अन्याय तिची वाट पाहत असतो. साउथ कॅरोलायनात सरकारी डॉक्टर उपचाराच्या नावाखाली कृष्णवर्णीयांवर प्रयोग करतात. त्यामागे १९३२ ते १९७२ या काळात अलाबामात टस्कीगी इथे उपदंशाच्या रुग्णांवर झालेल्या प्रयोगाची सावली आहे. तेव्हा ही कादंबरी वाचून "१८५० मध्ये असं होतं" असं म्हणू नका.

६. 'रूट्स' खरी म्हणून वाचली होती. आता कुणी म्हणतं ती बनावट आहे. काय मानायचं?

'रूट्स' (१९७६) हा आपल्या सात पिढ्यांचा शोध आहे असं अॅलेक्स हेली यांचं म्हणणं होतं : गँबियातल्या जुफुरे गावचा कुंटा किंटे १७६७ मध्ये जहाजातून अमेरिकेत आला आणि त्याच्यापासून वंश चालत आला. पुढे वंशावळीच्या अभ्यासकांनी कागद तपासले तेव्हा सुरुवातीच्या पिढ्यांचे दुवे जुळेनात. शिवाय हॅरॉल्ड कूरलँडर या लेखकाच्या आधीच्या कादंबरीतले काही भाग 'रूट्स'मध्ये आल्याबद्दल खटला झाला आणि १९७८ मध्ये तो तडजोडीनं मिटला.

माझं मत : तिला हेलींच्या घराण्याचा पुरावा मानू नका, कादंबरी माना. जहाजावरची प्रकरणं तशी वाचली तरी तेवढीच अंगावर येतात. आणि १९७७ च्या जानेवारीत तिच्यावरची मालिका सलग आठ रात्री दाखवली गेली, त्यानंतर असंख्य कृष्णवर्णीय कुटुंबांनी आपापल्या पूर्वजांचे कागद शोधायला घेतले, हेही तितकंच खरं आहे.

उलटं उदाहरणही ठेवा. प्रश्न ३ मधल्या हॅरिएट जेकब्स नॉर्थ कॅरोलायनात आजीच्या घराच्या माळ्यावर, धड उभंही राहता येत नाही अशा जागी, जवळजवळ सात वर्षं लपून राहिल्या. त्यांचं पुस्तक कित्येक दशकं अभ्यासक गोऱ्या बाईनं लिहिलेली कादंबरी समजत होते. जीन फेगन येलिन यांनी १९८० च्या दशकात पत्रं आणि कागदपत्रं लावून ते अस्सल असल्याचं सिद्ध केलं. एका गुलाम बाईला इतकं चांगलं लिहिता येईल यावर लोकांचा विश्वासच नव्हता.

७. मुलाच्या शाळेच्या प्रकल्पात कादंबरीतले आकडे दिले तर चालतील का?

नाही. एडवर्ड पी. जोन्स यांच्या 'द नोन वर्ल्ड'मध्ये (२००३) जनगणनेचे आकडे आहेत, इतिहासकारांचे दाखले आहेत, सगळं अगदी नोंदवहीतून उतरल्यासारखं. पण ती मँचेस्टर काउंटीच कल्पित आहे आणि आकडेही लेखकानं रचलेले आहेत.

८. त्याच कादंबरीत कृष्णवर्णीय माणूस गुलामांचा मालक आहे. म्हणजे दोष सगळ्यांचाच होता ना?

असे मालक खरोखर होते. १८३० च्या जनगणनेवरून ते पावणेचार हजारांच्या आसपास असल्याची मोजणी झाली आहे. पण त्यांतल्या अनेकांनी विकत घेतलेली माणसं म्हणजे त्यांची बायको, मुलं, आईबाप होती. कित्येक राज्यांत मुक्त केलेल्या गुलामाला राज्य सोडावं लागे. म्हणून बायकोला घरात ठेवायची तर कागदावर तिचा मालक राहणं हाच मार्ग उरत असे. काही जण मात्र नफ्यासाठीच मालक झाले, आणि जोन्स यांचा हेन्री टाउनसेंड तसा आहे. कायदाच माणसाला मालमत्ता म्हणतो तेव्हा कालचा गुलामही तीच भाषा शिकतो, हे ती कादंबरी दाखवते. त्यावरून गोऱ्या मळेवाल्यांचा हिशेब फिटत नाही.

९. १८६५ ला गुलामगिरी संपली. मग त्यानंतरच्या काळावरच्या कादंबऱ्या या यादीत कशा?

हा माझ्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. आपण शाळेत शिकलो की लिंकननं गुलाम मुक्त केले. पण त्यांची १ जानेवारी १८६३ ची घोषणा फक्त संघराज्यातून फुटून युद्धाला उभ्या राहिलेल्या दक्षिणेतल्या बंडखोर राज्यांपुरती होती. केंटकीसारख्या, संघराज्यात राहिलेल्या गुलामीच्या राज्यांना ती लागू नव्हती. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनला मुक्तीचा हुकूम वाचला गेला तो १९ जून १८६५ ला. देशभर बंदी आणणारी तेरावी घटनादुरुस्ती डिसेंबर १८६५ मध्ये मंजूर झाली, आणि तिच्यातच एक पळवाट राहिली : गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालेल.

मग सुटलेल्या माणसांनी काय केलं? आधी आपली माणसं शोधली. वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं जाहिराती येत राहिल्या : माझी आई अमुक मालकाकडे होती, तमुक साली तिला विकलं, कुणाला ठावठिकाणा असेल तर कळवा. जमीन मिळेल अशी आशा होती. उत्तरेच्या फौजेतल्या जनरल शर्मनच्या जानेवारी १८६५ च्या हुकुमानं किनारपट्टीवर चाळीस एकरांचे तुकडे दिलेही गेले, पण वर्ष संपायच्या आत अध्यक्ष जॉन्सननं ती जमीन जुन्या मालकांकडे परत वळवली. हातात उरली ती अर्धेलीची शेती. बियाणं मालकाचं, दुकान मालकाचं, उधारीची वही मालकाच्या हाती. सुगीला हिशेब केला की अंगावर बाकी निघायचीच. आमच्या गटात हा भाग वाचला गेला तेव्हा यवतमाळकडच्या एका वाचकांनी पुस्तक खाली ठेवलं आणि म्हणाले, "ही वही आमच्या आजोबांच्या घरात होती."

आणि ती पळवाट. रिकामं भटकल्याच्या आरोपावरून माणसं पकडायची आणि कैदी म्हणून खाणींना, रेल्वेच्या ठेकेदारांना भाड्यानं द्यायची. या जासी यांच्या 'होमगोइंग'मध्ये (२०१६) एच नावाचा माणूस गुलामीतून सुटतो आणि गोऱ्या बाईकडे पाहिल्याच्या आरोपावरून असाच कैदी होऊन अलाबामाच्या कोळसा खाणीत जातो. घानाच्या किनाऱ्यावरच्या दोन सावत्र बहिणींपासून सुरू होणारी ही कादंबरी दोघींच्या वंशांत आळीपाळीनं एकेक पिढी पुढे सरकते. मुक्तीचा दिवस तिच्यात शेवटी नाही, मधेच कुठेतरी येतो.

१०. 'अंकल टॉम' ही शिवी का झाली?

हॅरिएट बीचर स्टो यांच्या १८५२ च्या कादंबरीतला टॉम दोन पळालेल्या बायकांचा पत्ता सांगायला नकार देतो आणि त्यापायी मार खाऊन मरतो. पुढे रंगमंचावर जे असंख्य प्रयोग झाले त्यांनी त्याला म्हातारा, लाचार, मालकापुढे वाकणारा करून टाकलं. शिवी त्या नाटकांतल्या टॉमला चिकटली, ती मूळ टॉमवर अन्याय करणारी आहे. कादंबरीत कृष्णवर्णीयांविषयीचे साचे नाहीत असं मात्र नाही. आज वाचताना ते खटकतात.

११. गोऱ्या लेखकानं गुलामाच्या तोंडून कादंबरी लिहावी का?

लिहायला कुणाला बंदी नाही, पण जाब द्यावा लागतो. विल्यम स्टायरन यांनी १८३१ च्या गुलामांच्या उठावाचा नेता नॅट टर्नर याच्या तोंडून १९६७ मध्ये कादंबरी लिहिली. पुलित्झर मिळालं, आणि १९६८ मध्ये दहा कृष्णवर्णीय लेखकांनी तिला उत्तर देणारं पुस्तक काढलं. त्यांचा आक्षेप असा की टर्नरची बायको गाळली आणि त्याच्या मनात गोऱ्या मुलीची ओढ घातली. मला तो आक्षेप पटतो. फाशीपूर्वीचा टर्नरचा जो जबाब उरला आहे तोही एका गोऱ्या वकिलानंच लिहून घेतलेला. दीडशे वर्षांत दोनदा तोच माणूस दुसऱ्याच्या लेखणीतून बोलला.

१२. जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' या यादीत बसते का?

कादंबरी म्हणून नाही. ते धोंडीबा आणि जोतीराव यांच्या संवादाच्या रूपातलं विवेचन आहे. पण मराठी वाचकानं ती याच कपाटात ठेवावी. १८७३ मध्ये पुण्यात निघालेलं हे पुस्तक फुल्यांनी अमेरिकेतल्या त्या सज्जनांना अर्पण केलं ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी निःस्वार्थ झीज सोसली. आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या सुटकेसाठी तोच कित्ता गिरवावा अशी इच्छाही तिथेच लिहिली. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला.

'बिलव्हेड'ची सुरुवातही १८७३ मध्येच होते, हे मला उशिरा लक्षात आलं. फुले अमेरिकेतल्या मुक्तीकडे आशेनं पाहत होते त्याच वर्षी कादंबरीतली सेथ सिनसिनाटीतल्या घरात, मुक्त होऊन, झपाटलेली बसली आहे. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचा.

जात आणि गुलामी एकच का, असंही विचारलं जातं. एकच नाहीत; प्रश्न २ मधला कायदा आपल्याकडे त्या रूपात नव्हता. पण जन्मावरून माणसाचं काम, मान आणि शिक्षण ठरवणं दोन्हीकडे आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरनं नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून. हे नातं इथल्या माणसांनीच ओळखलेलं आहे.

१३. आपल्याकडे गुलाम कधी नव्हतेच ना?

होते. पेशवाईच्या कागदांत कुणबिणी आणि बटकी जागोजाग भेटतात. घरकामाला, कोठीवर, पागेत राबणाऱ्या, विकत घेतलेल्या आणि विकल्या जाणाऱ्या बायका. काहींना व्यभिचाराच्या आरोपाखाली सरकारनं गुलाम केलेलं. "सत्तेची बटीक" असं आपण आज सहज लिहितो, तो शब्द एकेकाळी खऱ्या बाईला लावलेला होता. कंपनी सरकारच्या १८४३ च्या कायद्यानं कोर्टांनी गुलामावरचा मालकी हक्क मानणं बंद केलं.

मलिक अंबरचं उदाहरण देऊन "आपल्याकडे गुलाम वजीर व्हायचे" असं सांगितलं जातं. इथिओपियात जन्मलेला, अनेकदा विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, त्यानं खडकी (आजचं छत्रपती संभाजीनगर) वसवलं, हे खरं. पण ती लष्करी गुलामीची वाट होती, आणि कोठीवरच्या कुणबिणीसाठी ती नव्हती.

१४. अमेरिकेतल्या कापसाच्या मळ्यांशी महाराष्ट्राचा काही संबंध आला का?

थेट आला. १८६१ मध्ये तिथे यादवी पेटली, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना गुलामांनी वेचलेला कापूस मिळेनासा झाला. भाव कडाडले. वऱ्हाड-खानदेशाचा कापूस मुंबई बंदरातून धावला, मुंबईत पैशाचा पूर आला, शेअर्सचा सट्टा माजला. १८६५ मध्ये युद्ध थांबलं आणि सगळं कोसळलं. दख्खनच्या शेतकऱ्यावरचं कर्ज मात्र राहिलं, आणि मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या. दंग्याला इतरही कारणं होती, जमीनमहसूल त्यांतलं मोठं. तरी प्रश्न ९ मधली उधारीची वही आठवून हा प्रसंग वाचून पाहा.

१५. मॉरिशसला गेलेले मराठी मजूर गुलामच होते का?

कायद्यानं नाही. इंग्रज वसाहतींतली गुलामगिरी उठवली गेली तेव्हा मालकांना दोन कोटी पौंड भरपाई मिळाली, गुलामांना काहीच नाही. उसाच्या मळ्यांना हात हवे होते, म्हणून १८३४ पासून करारानं बांधलेले हिंदी मजूर मॉरिशसला नेले जाऊ लागले. त्यांत कोकण आणि देशावरचे मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. कराराला मुदत होती आणि मूल करारात जन्मत नव्हतं, हा मोठा फरक. पण मळे तेच, आणि वागवणूकही पुष्कळदा तीच. अमिताव घोष यांच्या 'सी ऑफ पॉपीज'मध्ये (२००८) हे एका जहाजातच दिसतं : गिरमिटियांना, म्हणजे या करारी मजुरांना, नेणारं आयबिस आधी गुलाम वाहून नेत असे.

१६. मराठीत लिहिताना 'निग्रो', 'हबशी', 'गुलाम' यांपैकी काय वापरू?

आजच्या निवेदनात 'कृष्णवर्णीय' किंवा 'आफ्रिकी-अमेरिकी'. 'निग्रो' जुन्या मराठी पुस्तकांत सभ्य शब्द म्हणूनच येतो, तिथे तो तसाच राहू द्या. 'हबशी'ला आपल्याकडे सिद्द्यांचा स्वतंत्र इतिहास आहे, तो अमेरिकेच्या संदर्भात नको. कादंबरीत गोऱ्या पात्राच्या तोंडी कृष्णवर्णीयांसाठी जी शिवी येते ती भाषांतरात मवाळ करू नये, कारण तो हिंसेचाच भाग आहे. पण मोठ्यानं वाचताना ती उच्चारायची की नाही हे ऐकणारे कोण आहेत त्यावर ठरवा. 'गुलाम' या शब्दावर मी अजून अडखळते. 'गुलाम केलेली माणसं' असं लिहिलं की वाक्य लांबतं, पण कुणीतरी केलं हे त्यात राहतं.

१७. मुलगी तेरा वर्षांची आहे. वाचू द्यावं का?

'किंड्रेड' पंधराच्या पुढे, 'बिलव्हेड' त्याहून उशिरा. तेराव्या वर्षी टबमनचं चरित्र द्या. वाचताना घरात कुणीतरी बोलायला असावं, एवढं पाहा.

१८. 'बिलव्हेड' अर्ध्यावर सोडलं. सहन होत नाही. काय करू?

काही दिवस बाजूला ठेवा. आमच्या गटातही निम्म्या जणांनी ठेवलं होतं. परत घेताना जंगलातल्या मोकळ्या जागेचा प्रसंग शोधा. सेथची सासू बेबी सग्ज तिथे जमलेल्यांना, मुलांना, पुरुषांना, बायकांना, हसायला, नाचायला आणि रडायला सांगते. मग म्हणते की आपल्या हातांवर प्रेम करा, ते उचलून चुंबा, मानेवरून, काळजावरून हात फिरवा, कारण तिकडे गोऱ्यांच्या जगात या देहाची कुणालाही किंमत नाही. तेवढी दोन-तीन पानं मोठ्यानं वाचा.